प्रीती उंबरठा ओलांडते

'प्रीती' हा शब्द आपल्या देवळात जितक्या वेळा उच्चारला जातो, तितक्या वेळा दुसरा कोणताही शब्द क्वचितच उच्चारला जात असेल. प्रवचनात तो असतो, प्रार्थनेत तो असतो, विवाहाच्या मिस्सेत तो असतो आणि अंत्यविधीच्या वेळीही तोच आपल्या ओठांवर येतो. परंतु फार हातांतून गेलेल्या नाण्यावरील छाप जशी पुसट होते, तशी या शब्दाचीही गत झाली आहे. आम्ही धर्मगुरू हा शब्द इतरांपेक्षा अधिक वापरतो, आणि म्हणून तो झिजविण्याचा दोषही आमच्याच पदरी अधिक येतो. शेजाऱ्यावर प्रीती करणे म्हणजे वस्तुतः काय करणे, याचा आज वाचकांसमवेत थोडा विचार करावा असे योजिले आहे. विचाराला आरंभ आमच्याच एका चुकीपासून करणे न्याय्य होईल.

सन २०२१ चा उन्हाळा वाचक विसरले नसतील. करोनाची दुसरी लाट आपल्या या सीमाभागातील खेड्यापाड्यांपर्यंत येऊन पोहोचली होती. देवळामागच्या गल्लीत राहणारे एक वृद्ध विधुर गृहस्थ त्या साथीत सापडले. दोन आठवडे इस्पितळात काढून ते घरी परतले. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. त्याला येण्याची सोय नव्हती. आम्ही धर्मग्रामातील चार तरुणांना बोलाविले, गरजूंची यादी केली, आणि दर आठवड्यास तांदूळ, डाळ, तेल व औषधे प्रत्येकाच्या दाराशी पोहोचतील अशी व्यवस्था लावून दिली. मुले पिशवी पायरीवर ठेवीत, कडी वाजवीत आणि मागे फिरत. आजार घातक होता आणि अंतर राखावे असाच डॉक्टरांचा सल्ला होता. तेव्हा त्या पहिल्या दिवसांत यात वावगे असे काहीच नव्हते. पण पुढे डॉक्टरांनी भय उरले नसल्याचे सांगितले, बाजार उघडला, बसगाड्या धावू लागल्या. तरी त्या घराची पिशवी पायरीवरच राहिली. आम्ही वहीत दर आठवड्यास त्या नावापुढे एक खूण करीत होतो, आणि खरे सांगावयाचे तर खुणांची ती ओळ पाहून आमच्या मनाला समाधान वाटत होते.

श्रावणातल्या एका सायंकाळी, औषधांच्या काही हिशेबाची चौकशी करावी म्हणून आम्ही त्या दारी गेलो. वृद्ध गृहस्थांनी आम्हांला आत घेतले, खुर्ची पुसून पुढे केली, आणि थोडा वेळ स्वस्थ बसून ते म्हणाले, "फादर, तांदूळ पोचले, औषधंही पोचली. तुमचे उपकार आहेत. पण माणूस काही पोचला नाही."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच ते शब्द अधिक लागले. आम्ही काही उत्तर शोधत आहोत तोच परसदारच्या कुंपणापलीकडून एका बाईची हाक आली : "काका, जेवलासा का?" गृहस्थांचा चेहरा उजळला. "ही शेजारीण," ते म्हणाले. "रोज विचारते. आजार होता तेव्हा कुंपणाआडून विचारायची. आता आत येते, चहा करते, घटकाभर बसते आणि जाते." ती बाई आपल्या धर्माची नव्हती. लोकांच्या शेतांत मजुरी करून ती पोट भरत होती. तिच्याजवळ यादी नव्हती, वही नव्हती, की द्यावयास तांदूळही नव्हते. आमच्या व्यवस्थेने चार महिन्यांत जे साधले नाही ते तिने तीन शब्दांत साधले होते.

त्या रात्री शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आम्ही पुन्हा काढून वाचली. सेमिनरीत शिकताना व पुढे प्रवचनासाठी ती आम्ही किती वेळा वाचली असेल याची गणना नाही. पण त्या रात्री ती जणू आमच्याच नावाने लिहिलेली आहे असे वाटले.

आधी हात, मग नाणी

ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या वाटेवर चोरांनी एका प्रवाशाला लुबाडून अर्धमेला टाकले. एक याजक आला व दुसऱ्या बाजूने निघून गेला. मंदिराच्या सेवेतील एक लेवीही तसाच गेला. मग यहुदी लोक ज्याच्या जातीला तुच्छ लेखीत असा एक शोमरोनी आला आणि थांबला.

पुढे त्याने काय केले, आणि कोणत्या क्रमाने केले, इकडे आपले लक्ष सहसा जात नाही. प्रथम तो जखमी माणसाजवळ गेला. मग त्याने आपल्या हातांनी त्याच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, त्याला उचलून स्वतःच्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले आणि त्याची शुश्रूषा केली. दुसरा दिवस उजाडल्यावर त्याने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार काढून दिले आणि अधिक खर्च झाल्यास परतीच्या वेळी भरून देण्याचे वचन दिले. एक दिनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे रक्कम लहान नव्हती. तथापि नाणी सर्वांत शेवटी निघाली. आधी पाय वळले, मग हात पुढे झाले, मग जनावर दिले, मग रात्र दिली. आणि एवढे सगळे दिल्यानंतर पैसे दिले.

आम्ही हा क्रम उलटा केला होता. नव्हे, आम्ही पहिली पायरी गाळूनच टाकली होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शास्त्र्याने प्रभूला प्रश्न केला होता की, माझा शेजारी कोण? प्रभूने गोष्ट संपविताना तो प्रश्नच फिरविला आणि विचारले की, या तिघांपैकी त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याला मर्यादा हवी होती. कोणापर्यंत प्रीती करावी आणि कोठे थांबले तरी चालेल, हे त्याला जाणून घ्यावयाचे होते. प्रभूने मर्यादा आखून दिली नाही. शेजारी व्हावयास सांगितले. शेजार हा घराच्या भिंतीने ठरत नाही. आपण जवळ गेलो की तो ठरतो.

आवड आणि प्रीती

येथे एक शंका सहज येईल. मनात ओढ नसताना जवळ जाणे हे ढोंग नव्हे काय? ज्याच्याविषयी मन आंबलेले आहे त्याच्यावर प्रीती करा असे सांगणे म्हणजे अशक्य गोष्ट सांगणे नव्हे काय?

ही शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तरही सरळ आहे. आवड ही मनाची अवस्था आहे. ती आपल्या हुकमाने येत नाही व जात नाही. प्रीती हा इच्छाशक्तीचा निर्णय आहे. तेराव्या शतकातील महापंडित संत थॉमस अक्विनास यांनी आरिस्टॉटलच्या आधाराने प्रीतीची व्याख्या केली तिचा आशय असा की, दुसऱ्याचे कल्याण व्हावे अशी इच्छा करणे म्हणजे प्रीती. तो माणूस मला गोड वाटावा अशी अट तीत नाही. आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा ही प्रभूची आज्ञा याच अर्थाने पाळता येते. वैरी गोड वाटत असता, तर तो वैरी कशाला राहिला असता?

फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात राहून १८९७ साली अवघ्या २४ व्या वर्षी दिवंगत झालेल्या बाळ येशूच्या संत तेरेझाने आपल्या आत्मवृत्तात एक अनुभव नमूद केला आहे. मठातील एका भगिनीचे वागणे, बोलणे, सारा स्वभावच तिला नकोसा वाटत असे. तेव्हा तिने ठरविले की, आपल्याला सर्वांत प्रिय असलेल्या व्यक्तीसाठी आपण जे करू तेच या भगिनीसाठी करावयाचे. ती तिच्यासाठी प्रार्थना करी, होईल ते साहाय्य करी, आणि कठोर उत्तर ओठांवर आले की ते गिळून हसऱ्या मुखाने तिच्याशी बोले. शेवटी त्या भगिनीनेच एके दिवशी तेरेझाला विचारले की, माझ्यात असे काय आहे की मला पाहिले की तू नेहमी हसतेस? तेरेझाने ढोंग केले नव्हते. तिने नावडीला आपल्या कृतीवर सत्ता चालवू दिली नाही, एवढेच. आपल्या घरांतून जावाजावांत, भावाभावांत, सासूसुनांत जी नित्याची धुसफूस चालते तिच्यावर यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा कठीण औषध आम्हांला ठाऊक नाही.

घाटाखालचा एक पुत्र

आता ज्या महापुरुषाचे चरित्र या विषयाचा जणू धडाच आहे, त्याच्याकडे वळू. तो परक्या खंडातला नव्हे. आपल्या घाटाखालच्या गोमंतभूमीचा तो पुत्र.

संत जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी साष्टीतील बाणावली या गावी, त्यांच्या आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. सन १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १६८१ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी कानडा प्रांतात सेवा केली आणि १६८५ साली ते गोव्यातील ओरेटरीच्या धर्मगुरुसंघात दाखल झाले. त्या काळी सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, किनारपट्टी डचांच्या ताब्यात होती. १६५८ साली जाफना डचांच्या हाती गेल्यापासून कॅथलिक धर्मगुरूंना तेथे बंदी होती आणि तेथील श्रद्धावंत जवळजवळ तीस वर्षे मिस्सा व संस्कार यांना मुकले होते. हे वर्तमान ऐकून फादर वाझ स्वस्थ बसू शकले नाहीत.

त्यांनी काय पाठविले असते तर चालले असते? पत्रे पाठविता आली असती, पुस्तके पाठविता आली असती, द्रव्य गोळा करून पाठविता आले असते. ते स्वतः गेले. सन १६८७ मध्ये मजुराच्या वेषात, वाटेत आजाराने खंगून, ते जाफन्यास उतरले. त्यांच्यासोबत त्यांचा विश्वासू सेवक जुआंव होता. गळ्यात जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत हिंडू लागले, हेतू हा की ती माळ ओळखणारे डोळे कोणत्या घरात आहेत ते कळावे. १६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले, तेव्हा पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना बंदिवासात टाकण्यात आले. कँडीचा राजा दुसरा विमलधर्मसूर्य हा बौद्धधर्मी होता. पुढे त्याला या कैद्याची योग्यता उमगली आणि त्याने त्यांना मोकळीक दिली.

त्यांच्या नावावर चमत्कारांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. आम्हांला मात्र त्यांच्या चरित्रातील ज्या प्रसंगाने भारून टाकले त्यात चमत्कार असा काहीच नाही. सन १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची भयंकर साथ पसरली. देवीचा रोग काय होता याची नव्या पिढीला कल्पना नाही. अंगभर फोड, असह्य दुर्गंधी, डोळे जाण्याची भीती; आणि त्यावर त्या काळी उपाय असा नव्हताच. ज्यांना शक्य होते ते नगर सोडून गेले. आप्तांनी आपल्या रोग्यांना रानात नेऊन सोडले. अशा वेळी फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो त्या टाकलेल्या माणसांकडे गेले. त्यांनी झोपड्या उभारल्या, रोग्यांना उचलून त्यांत आणले, त्यांचे फोड धुतले, त्यांना अन्न भरविले, औषधपाणी केले आणि जे मेले त्यांना आपल्या हातांनी मूठमाती दिली. रोगी ख्रिस्ती की बौद्ध, हा प्रश्न त्यांनी केला नाही. उपचाराने सारेच रोगी वाचले असतील असे नाही. पण जे मेले ते एकटे मेले नाहीत.

गोव्याचा तो पुत्र गोव्यास पुन्हा परतला नाही. सुमारे २४ वर्षे श्रीलंकेत घालवून १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेविला. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबो येथे त्यांना धन्य घोषित केले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच नगरात, गॉल फेसच्या विस्तीर्ण मैदानावर, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. त्या वेळच्या प्रवचनात पोपमहाशयांनी विशेष गौरव केला तो या गोष्टीचा की, गरजवंत कोणत्या धर्माचा आहे हे न पाहता या धर्मगुरूने त्याची सेवा केली.

देवीचा रोग आज पृथ्वीतलावर उरलेला नाही; जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली तसे जाहीर केले. परंतु माणसाने माणसाला टाकण्याचा रोग लस टोचून गेला नाही. तो करोनाच्या काळात आपण सर्वांनी पाहिला. साथीत काळजी घेणे हे कर्तव्यच आहे, आणि अविचाराने दुसऱ्याला धोक्यात घालणे ही प्रीती नव्हे. पण भय सरल्यावरही पाऊल उंबरठ्याबाहेरच राहिले, तर त्याला सावधगिरी म्हणता येणार नाही. आमच्या बाबतीत नेमके तेच झाले होते.

आपल्या घरी, आपल्या गल्लीत

कँडीच्या रानापर्यंत जाण्याचे पाचारण सर्वांना नसते. तथापि प्रत्येकाच्या वाटेवर एखादा उंबरठा असतोच. आपल्या गावांतील किती मुले परदेशी, जहाजांवर, मोठ्या शहरांत कष्ट करतात आणि दरमहा आईबापांना पैसे पाठवितात! हे पुत्रकर्तव्य ते पाळतात याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. पण म्हातारी आई आमच्याकडे येऊन पैशांविषयी कधी बोलत नाही. "फादर, फोन करतो, पण घाईत करतो," एवढेच ती म्हणते. तिला ऐकणारा कान हवा असतो.

शेताच्या बांधावरून दोन सख्खे भाऊ बोलेनासे होतात. रविवारी दोघेही मिस्सेस येतात, एक उजव्या बाजूस बसतो व एक डाव्या. आणि शांतीची खूण देण्याची वेळ आली की दोघेही नेमके आपापल्या शेजाऱ्याकडे वळतात. बांधाचा निवाडा कोर्ट करील. बोलण्याचा निवाडा कोर्टाच्या हाती नाही.

घरकाम करणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेविला जातो. ख्रिस्ती घरांतही लग्नाची गोष्ट निघाली की आडनावामागची जात हळूच विचारली जाते. हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. पण न लिहिणे हा अधिक मोठा दोष ठरेल. स्नानसंस्काराच्या पाण्यात जी भिंत विरघळून जावयास हवी होती, ती आपण पुन्हा पुन्हा बांधून काढीत आहोत. परधर्मीय शेजाऱ्यांविषयीही तसेच. दिवाळीचा फराळ आणि नाताळाच्या करंज्या कुंपणावरून इकडून तिकडे जातात, ही आपल्या भागाची जुनी व सुंदर रीत आहे. परंतु आजारपणाच्या रात्री ते कुंपण ओलांडून आपण किती वेळा गेलो, हेही प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

प्रीती म्हणजे सदैव गोड बोलणे, असाही समज करून घेऊ नये. दारूच्या आहारी गेलेल्या मित्राला पैसे न देणे ही प्रीती आहे. मात्र पैसे नाकारून त्याला वाऱ्यावर सोडणे ही प्रीती नव्हे. नकार देणाऱ्याने त्याच्यासोबत चार पावले चालावयास हवीत. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात ख्रिस्ती सेवेविषयी लिहिताना हेच सांगितले आहे की, देणगी देणाराही त्या देणगीत असला पाहिजे. नाहीतर घेणाऱ्याला ती खाली पाहावयास लावते.

हे बळ कोठून आणावे?

कोणी म्हणेल, हे सारे खरे, पण एवढी शक्ती आमच्यात कोठे आहे? नाही, ती आपल्यात नाही. फादर वाझ यांच्यातही ती आपली आपण उपजली नव्हती. देवाने आपल्यावर प्रथम प्रीती केली, हा ख्रिस्ती धर्माचा गाभा आहे. परमेश्वराने संदेष्टे पाठविले, आज्ञा पाठविल्या, रानात मान्नाही पाठविला. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. काळाची पूर्णता झाल्यावर तो स्वतः आला. तो गोठ्यात जन्मला, सुताराच्या घरी वाढला, महारोग्याला त्याने दुरून बरे करता येत असूनही हात लावून बरे केले, आणि अखेर क्रुसावर स्वतःला देऊन टाकले. प्रत्येक मिस्सेत तोच प्रभू भाकरीच्या रूपाने आपल्या उंबरठ्याच्या आत येतो. ज्याच्या घरी देव स्वतः चालत आला त्याने शेजाऱ्याच्या दारी केवळ पिशवी ठेवून परतावे, हे कसे शोभेल?

त्या श्रावणातल्या सायंकाळनंतर आम्ही दर रविवारी त्या वृद्ध गृहस्थांकडे जाऊ लागलो. बोलण्याचे विषय साधेच असत : पाऊस, भाताचे पीक, त्यांच्या दिवंगत पत्नीच्या आठवणी. कित्येकदा आम्ही नुसतेच बसत असू. प्रारंभी वेळ फुकट जातो आहे असे वाटे. पुढे पुढे त्या अर्ध्या घटकेची आम्हांलाच ओढ लागली. सन २०२३ च्या प्रारंभी ते प्रभूच्या घरी गेले. शेवटच्या रात्री मुलगा जवळ होता, आम्ही होतो, आणि पायाशी ती शेजारीण बसून होती.

अंत्यविधीच्या दिवशी ती देवळाच्या दाराशी बाहेरच उभी राहिली. आत यावे की न यावे हे तिला कळेना. आम्ही वेदीवरून खाली उतरलो, दारापर्यंत गेलो आणि तिला पुढच्या बाकावर मुलाच्या शेजारी आणून बसविले. ती चाल दहावीस पावलांचीच होती. पण एवढी पावले टाकावयास शिकण्यासाठी आम्हांला दोन वर्षे लागली, हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

प्रिय वाचकहो, या आठवड्यात मोठा संकल्प करू नका. ज्या एका घरी जावयाचे तुम्ही टाळीत आहात, त्या घरी जा. हातात काही असले तर बरे, नसले तरी अडणार नाही. आत जा, बसा, आणि जेवण झाले का एवढे विचारा. प्रभू तुमच्यासोबत येवो.